घोडा माझा, बंदूक सरकारची

मागच्या महिन्यात गावाला जाताना बाईकवरून पडलो. गाव म्हणजे मिरजगाव, नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं. (जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर झालाय, पण घरी सगळे अजून 'नगर'च म्हणतात. मीही तेच लिहिणार.) रुईछत्तिशीच्या पुढे रस्त्यावर खडी पसरलेली, समोर उसाची ट्रॉली. मी ब्रेक दाबला आणि गाडी एकीकडे, मी एकीकडे! वेग कमी होता म्हणून थोडक्यात निभावलं. गुडघा सोलवटला आणि पाठीत एक सणसणीत कळ आली. ती कळ लॅपटॉपच्या चार्जरची. सॅक पाठीवर होती आणि मी बरोब्बर त्या ठोकळ्यावर आपटलो होतो.

घरी पोचल्यावर आजीचा पहिला प्रश्न, "लागलं का रं कुठं?"

सोमवारी येणं जमणार नाही हे सांगायला ऑफिसात फोन केला. तिथला पहिला प्रश्न, "लॅपटॉप ठीक आहे ना?"

असो. पुढचे दोन दिवस पालथं पडून काढायचे होते. अशा वेळी माणूस फोनवर काहीही वाचतो. मी नेहमीप्रमाणे इतिहासात घुसलो आणि व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या काळातल्या एका घोडेस्वाराच्या फोटोपाशी अडकलो. एरवी अशा फोटोत आपण फेटा बघतो, मिशा बघतो, घोडा बघतो. या वेळी माझी नजर गेली ती स्वाराच्या उजव्या मांडीमागे. तिथे खोगिराला एक चामड्याची खोळ होती आणि तिच्यातून बंदुकीचा दस्ता वर डोकावत होता. माझ्या ठणकणाऱ्या पाठीने लगेच विचारलं, "हा पडला तर बंदूक कोणाकडे राहते? याच्याकडे की घोड्याकडे?"

प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. त्याच्या उत्तरात घोडदळाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास येतो, आणि तोही बराचसा आमच्या पुणे-नगर रस्त्यावरचा.

आधी अडचण समजून घेऊ

स्वाराचा डावा हात लगामात अडकलेला. उजव्या हातात तलवार किंवा भाला. घोडा दौडायला लागला की अंगावरची प्रत्येक वस्तू हिसके खाते. पायदळाची लांब बंदूक अशा माणसाला देऊन उपयोग नाही. म्हणून तिचं आखूड भावंड जन्माला आलं : कार्बाइन. आपल्याकडचा जुना शब्द कराबीन.

आखूड म्हणजे किती? १८७० च्या दशकात ब्रिटिश पायदळाकडे मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिची लांबी साधारण १२५ सेंटिमीटर. १८७७ साली घोडदळासाठी तिचीच कार्बाइन निघाली, ती ९६ सेंटिमीटरची. वजन सुमारे ३.४ किलो. पण आखूड आणि हलकी बंदूक धक्का जोरात देते. म्हणून कार्बाइनचं काडतूसही मवाळ केलं. रायफलच्या काडतुसात साधारण साडेपाच ग्रॅम दारू, कार्बाइनच्या काडतुसात साडेचार. गोळीही ३१ ग्रॅमच्या जागी साडेसव्वीस ग्रॅमची. थोडक्यात, घोड्यावर बसायचं तर मार कमी करून घ्यावा लागला. फुकटात काहीच मिळत नाही, हे आपल्याला रोजच्या कामातून माहीत आहेच.

आता ही ९६ सेंटिमीटरची वस्तू ठेवायची कुठे? जागा दोनच, माणसाच्या अंगावर किंवा घोड्याच्या अंगावर. (बाईकवर लॅपटॉपचंही तेच. पाठीवर किंवा मागच्या सीटला दोरीने. मी दोन्ही करून बघितलंय.)

पहिली तऱ्हा : माणसाच्या अंगावर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश स्वार कार्बाइन अंगावर वागवायचा. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत एक रुंद चामडी पट्टा. त्याच्यावर पोलादी आकडा. कार्बाइनच्या कडेला एक दांडी आणि दांडीवर सरकणारी कडी. आकडा कडीत अडकवला की बंदूक नळी खाली करून उजव्या मांडीशी लोंबकळायची. फार हिंदकळू नये म्हणून नळीचं तोंड खोगिराला बांधलेल्या छोट्या चामडी टोपणात खुपसायचं.

या पद्धतीत एक मोठा शहाणपणा होता. बंदूक सुटून पडण्याची भीती नाही. गोळी झाडली, हात सोडला, तलवार उपसली. बंदूक आपली पट्ट्याला लटकलेली. कारण त्या काळी बंदूक नळीच्या तोंडातून भरावी लागे आणि धावत्या घोड्यावर तो कारभार म्हणजे सर्कसच. दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा. १८०८ च्या सुमाराची पॅजेट कार्बाइन बघितली तर तिचा ठासायचा गजसुद्धा बिजागरीने नळीला कायमचा जोडलेला आहे, हातातून निसटू नये म्हणून. ज्याने कोणी हे केलं त्याने नक्कीच बसून विचार केला असणार की वापरणारा माणूस घाईत आहे, घाबरलेला आहे आणि त्याच्या हातून वस्तू पडणारच आहेत. याला म्हणतात डिझाईन!

तोटा तोच जो माझ्या पाठीला कळला. माणूस घोड्यावरून पडला की तो एकटा पडत नाही. तीन-साडेतीन किलो लाकूड-लोखंड त्याच्याबरोबर, त्याच्याखाली किंवा त्याच्यावर पडतं. आणि पडला नाही तरी दिवसभराच्या मजलीत ते मांडीवर आपटत राहतं.

दुसरी तऱ्हा : घोड्याच्या अंगावर

पुढे पाठीमागून भरायच्या बंदुका आल्या. १८६० च्या दशकात स्नायडर, मग मार्टिनी-हेन्री. ठासायची भानगड संपली. त्याचबरोबर घोडदळाच्या कामाची कल्पनाही हळूहळू बदलत होती. दौडत गोळ्या झाडण्यापेक्षा घोड्यावरून पटकन पोचायचं, खाली उतरायचं, जमिनीवरून नेम धरून गोळी घालायची आणि पुन्हा घोड्यावर बसून निघायचं. चार स्वारांतला एक चौघांचे घोडे धरून मागे थांबायचा, तिघे लढायचे.

मग बंदूक सतत अंगावर कशाला? ती खोगिरालाच बांधा. अशा रीतीने ती चामड्याची खोळ आली. फौजेतलं नाव 'बकेट', पण बादलीशी तिचा काही संबंध नाही, दिसते भात्यासारखी. यातला एक प्रकार 'नामाक्वा' नावाने ओळखला जाई. हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका मुलखाचं नाव. १८७९ च्या झुलू युद्धात ब्रिटिश भालेवाल्या स्वारांकडे हीच होती. खोगिराच्या उजव्या बाजूला, मांडीच्या मागे. नळी खाली, दस्ता वर. उजवीकडेच का? कारण घोड्यावर डावीकडून चढतात आणि तलवारही डावीकडे असते.

एकदा बंदूक खोळीत जाणार हे ठरल्यावर बंदूकच खोळीप्रमाणे बदलायला लागली, हा भाग मला फार आवडला. खोळीत घालता-काढता नेम धरायची माशी घासून झिजू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना छोटे कान काढले. मागच्या नेमपट्टीवर चामड्याचं झाकण बसवलं. १८९४ साली ली-मेटफर्ड कार्बाइन आली. तिचा बोल्ट ओढायची मूठ रायफलवर चांगली गोल आणि बाहेर आलेली असते, कार्बाइनवर ती चपटी करून अंगाला चिकटवून टाकली, कुठे अडकू नये म्हणून. मॅगझिनसुद्धा फक्त सहा गोळ्यांचं. सगळी बंदूक साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत!

स्वाराचं अंग मोकळं झालं. पण आता दुसरी अडचण. घोडा उधळला, तर बंदूक घेऊन उधळला. घोडा गोळी लागून उजव्या कुशीवर कोसळला, तर बंदूक त्याच्याखाली. स्वार जिवंत, धडधाकट आणि हातात काही नाही.

म्हणजे पाहा, दोन्ही पद्धती अर्ध्याच बरोबर. पहिली म्हणते, शस्त्र माणसाचं आहे. दुसरी म्हणते, शस्त्र घोड्याचं आहे. आणि इथेच आपल्याकडचा किस्सा सुरू होतो, कारण आपल्याकडे घोडा कोणाचा आणि शस्त्र कोणाचं हा प्रश्न नुसता बांधणीचा नव्हता. मालकीचा होता.

शिलेदार आणि बारगीर

शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. महाराजांच्या घोडदळात दोन प्रकार. बारगीर, म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. आणि शिलेदार, म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. महाराजांचा भर पागेवर होता. कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याचा थोडा का होईना स्वतःचा हुकूम. लढाईत घोडा मेला तर शिलेदाराचं भांडवलच बुडतं, मग तो घोडा जपत लढणार.

इंग्रजांनी नेमका शिलेदार उचलला. शब्दासकट! त्यांच्या कागदपत्रांत तो 'सिल्लादार' होतो. १८५७ नंतर हिंदुस्थानी घोडदळाची मांडणी बहुतेक याच पद्धतीवर झाली. १९१४ साली ३९ हिंदुस्थानी रिसाले होते, त्यातले मद्रासकडचे तीन सोडले तर बाकी सगळे शिलेदारी. भरती होताना जवान रेजिमेंटमध्ये ठरावीक रक्कम भरायचा किंवा घोडा आणायचा. या जागेला म्हणत 'असामी'. हो, आपलाच शब्द. घोडा, खोगीर, कपडे, तलवार, सगळं त्याच्या खर्चातलं. दोन स्वारांत मिळून सामानाचं एक तट्टू आणि एक गवत कापणारा माणूस, तोही त्यांच्याच पगारातून. घोडे मरतात, म्हणून सगळ्यांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून एक फंड असे. त्याचं नाव 'चंदा'. आपली भिशीच म्हणा ना. ज्याचा घोडा गेला त्याला त्यातून मदत. सरकारला घोडदळ स्वस्तात पडत होतं आणि गड्याला आपण कोणाचे नोकर नाही, आपल्या घोड्याचे मालक आहोत अशी ऐट होती.

या सगळ्या यादीत एकच वस्तू सरकार स्वतः देई आणि स्वतःच्या मालकीची ठेवी. बंदूक आणि तिच्या गोळ्या.

आता शब्दाकडे पुन्हा बघा. शिलेदार हा फारसी 'सिलाहदार'वरून आला. सिलाह म्हणजे शस्त्र. शिलेदार म्हणजे शस्त्र बाळगणारा. इंग्रजांच्या शिलेदाराकडे घोड्याच्या नालेपासून फेट्यापर्यंत सगळं स्वतःचं होतं, नव्हतं ते फक्त त्या काळचं खरं शस्त्र. स्वतःच्या घोड्याला स्वतःच्या खोगिरावर दुसऱ्याची बंदूक बांधून तो हिंडत होता. माझ्या फोटोतला तो दस्ता मला यानंतर वेगळाच दिसायला लागला.

विश्वास किती अंतरापर्यंत

हे उगीच झालेलं नव्हतं. १८५७ ची धास्ती सरकारच्या मनातून गेलीच नाही. थोड्या डोंगरी तोफा सोडल्या तर तोफखाना हिंदी लोकांच्या हातून काढून घेतला. बंदुकांच्या बाबतीत तर हिंदी पलटणी गोऱ्यांच्या एक पिढी मागे, असा रिवाजच पडला. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली. तिथे गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि शेजारी उभ्या असलेल्या बॉम्बे लष्कराच्या हिंदी पायदळाकडे जुन्या स्नायडर. शत्रू एक, रणांगण एक, ऊन एक. बंदूक मात्र रंगाप्रमाणे. त्या लढाईत इंग्रजांचा सपाटून पराभव झाला. तिथे थर्ड बॉम्बे लाईट कॅव्हलरी हा रिसालाही होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच सुमारास, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, गोऱ्यांना मात्र सूट. म्हणजे आमच्या कर्जत-श्रीगोंद्याकडचा एखादा गडी रिसाल्यात गेला, तर खोगिरावर सरकारची कार्बाइन. आणि तोच गडी नोकरी संपवून गावी आला की रानडुकरापासून जोंधळा राखायलाही बंदूक परवान्याशिवाय नाही. हात तेच, डोळे तेच, नेम तोच. विश्वास फक्त नोकरीपुरता.

वायव्य सरहद्दीवर तर बंदूकचोरी एवढी बोकाळली होती की छावणीत रात्री शिपाई बंदूक अंगाला साखळीने बांधून झोपत. खोगिराच्या खोळीत दिवसा मोकळी असलेली वस्तू रात्री माणसाच्या हाडामांसाला जखडायची. माणूस गेला तर दुसरा भरती होईल, बंदूक गेली तर ती उद्या आपल्यावरच चालेल, असा हिशोब.

आमच्या रस्त्यावरचा रिसाला

मी पुण्याहून गावाला जातो तो रस्ता वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, शिरूर, सुपा, नगर असा. हाच पूना हॉर्सचा रस्ता आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. हा रिसाला १८१७ च्या पुणे करारातून उभा राहिला. बाजीराव पेशव्यांनी खर्चापोटी मुलूख तोडून द्यायचा आणि फौज इंग्रजांच्या हुकमतीत. खर्च एकाचा, हुकूम दुसऱ्याचा, इथेही तेच! करार जूनमधला. पाचच महिन्यांत पेशवे आणि इंग्रज खडकीला समोरासमोर आले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या बाजूने या रिसाल्याचे अडीच-तीनशे स्वार होते. पुढे बराच काळ त्याचं ठाणं शिरूरला, म्हणजे घोडनदीला होतं. मी तिथे दर वेळी चहाला थांबतो.

बॉम्बेच्या रिसाल्यांत तेव्हा दख्खनी मराठे आणि दख्खनी मुसलमान भरती होत. भीमा आणि सीनेच्या मधला आमचा मुलूख भीमथडीच्या तट्टांचा, त्यामुळे घोडा इथल्या माणसाला नवा नव्हता. पण शतकाच्या शेवटी 'लढवय्या जाती' नावाचं खूळ सरकारच्या डोक्यात शिरलं आणि भरती राजपुताना, पंजाबकडे वळली. दख्खनी स्वार मागे पडत गेला. बंदूक त्याची कधीच नव्हती, आता खोगीरही गेलं.

कोडं सुटलं कसं?

बोअर युद्धात (१८९९-१९०२) इंग्रजांच्या कार्बाइनची अब्रू गेली. बोअर शेतकरी घोड्यावर यायचे, पण त्यांच्याकडे पूर्ण लांबीच्या माउजर रायफली होत्या. ते लांबून टिपायचे आणि कार्बाइनवाल्या स्वाराला नुसतं मोजत बसावं लागायचं. युद्ध संपता संपता इंग्रजांनी निर्णय घेतला की कार्बाइन बंद. पायदळाच्या रायफलची नळी ७७ सेंटिमीटरची होती, कार्बाइनची ५३. त्यांनी मधली ६४ सेंटिमीटरची काढली आणि पायदळ, घोडदळ सगळ्यांना एकच दिली. तीच ती शॉर्ट ली-एनफिल्ड. वेगवेगळ्या लोकांसाठी दोन आवृत्त्या सांभाळण्यापेक्षा एक नीट करा, हा धडा सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचा वाटेल.

शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धात मोडली. पूना हॉर्स १९१४ साली फ्रान्सला गेला. घोडे आणि माणसं ज्या वेगाने संपत होती, त्या वेगाने कुठला शिलेदार घरून घोडा आणणार? चंदा फंड असल्या मरणासाठी बनलेला नव्हता. १९२१ च्या सुमारास पद्धत गुंडाळली, ३९ रिसाल्यांचे २१ केले. त्यातच मैवंदचा तो थर्ड बॉम्बे रिसाला (तेव्हाचं नाव ३३ वा) पूना हॉर्समध्ये मिसळला. आता घोडाही सरकारचा, बंदूकही सरकारची. म्हणजे सगळे बारगीर. अडीचशे वर्षांपूर्वी महाराजांनी ज्याच्यावर भर दिला होता, तिथेच गाडी येऊन थांबली.

मग घोडे गेले, रणगाडे आले. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. लहानपणी शाळेच्या सहलीत गेलो होतो, तेव्हा फक्त तोफेवर चढायला मिळत नाही याचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, रणगाडा म्हणजे त्या जुन्या कोड्याचं उत्तरच. शस्त्र माणसावर की घोड्यावर? घोडाच शस्त्र करून टाका!

राहता राहिलं आमचं. बाईक माझी, पेट्रोल माझं. घरून काम करतो तेव्हा वीज माझी, इंटरनेट माझं, टेबल-खुर्ची माझी. मेडिक्लेमचे हप्तेही पगारातूनच कापतात, आमचा चंदा. फक्त लॅपटॉप कंपनीचा, त्याच्या पाठीवर नंबराचा स्टिकर. राजीनामा दिला की सगळ्यात आधी तोच मागून घेतात. त्या फोनवर मला आधी राग आला होता. आता तेवढा येत नाही. विचारणाऱ्याने त्याच्या मालकीच्या वस्तूची चौकशी केली, आजीने तिच्या. हिशोब दोघांचेही चोख.

त्या फोटोतल्या स्वाराचं नाव खाली लिहिलेलं नाही. फक्त रिसाल्याचं नाव आहे. त्याच्या बंदुकीवर मात्र नंबर असणार, आणि तो कुठल्या तरी वहीत नोंदलेला असणार.

लॅपटॉप ठीक आहे. पाठ अजून थोडी दुखते. पुढच्या खेपेला शिरूरला चहा पिताना छावणीची जागा शोधणार आहे, सापडली तर लिहीन.